अर्धी चादर: मावशीच्या दोन वाऱ्यांच्या सामानाचा हिशेब

गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर मावशीची पिशवी ठेवली, ती ११ किलो ४०० ग्रॅम भरली. खांद्यावरची शबनम वेगळी, ३ किलो ८०० ग्रॅम. हे वजन वारीला निघण्याआधी करायला हवं होतं. आम्ही ते केलं जेजुरीहून परत आल्यावर. मावशी शेजारी तांदळाच्या पोत्यावर बसली होती, डाव्या टाचेला पट्टी बांधलेली. ती एवढंच म्हणाली, “आता वजन करलालीस व्हय गं?”

तिचं बरोबर होतं. तिची पिशवी भरायला मीच मदत केली होती, बूटही मीच आणले होते. पुढच्या वर्षी ती आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालली. दोन्ही वर्षांची टिपणं माझ्या वहीत आहेत. पहिल्यांदा वारीला निघणाऱ्या, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना उपयोग व्हावा म्हणून ती इथे मांडते.

मावशी आणि तिची वाट

मावशीचं वय तेव्हा ५७. सोलापूरच्या पूर्व भागात राहते. तीस वर्षांहून जास्त काळ तिने विड्या वळल्या, मांडीवर सूप घेऊन दिवसभर एका जागी बसून. बोटं अजूनही चपळ आहेत, पण पायांना चालायची सवय नाही. रक्तदाबाची एक गोळी रोज, साखर नाही. उजव्या पायाच्या अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलेलं, त्यामुळे पाऊल पुढून रुंद. या शेवटच्या गोष्टीकडे पहिल्या वर्षी माझं लक्षच गेलं नाही.

वाट साधारण २५० किलोमीटरची. माऊलींच्या पालखीबरोबर आळंदीहून निघायचं, पुण्यात दोन मुक्काम, मग दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरेचं स्नान करून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. धर्मपुरीला आपल्या सोलापूर जिल्ह्यात शिरायचं आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी करत पंढरपूर. वारीत न चाललेल्या माणसाला एक गोष्ट आधी सांगावी लागते: सगळं सामान पाठीवर वाहायचं नसतं. दिंडीचा ट्रक असतो. मोठी पिशवी ट्रकमध्ये जाते, खांद्यावर फक्त शबनम. ऐकायला सोपं वाटतं आणि घोळ इथेच होतो. ट्रकमध्ये जातंय म्हटल्यावर माणूस हात सैल सोडतो. “राहू दे की, काय आपण उचलणार आहोत का?” हे वाक्य त्या वर्षी आमच्या घरात दहादा तरी म्हटलं गेलं असेल.

पण पिशवी पहाटे तंबूपासून ट्रकपर्यंत आपणच नेतो, संध्याकाळी ढिगातून आपणच ओढून काढतो, चिखलातून तंबूत आणतो. ट्रक पालखीच्या गर्दीतून जात नाही, वळसा घेऊन येतो, आणि कधी येईल ते वाहतुकीवर ठरतं. पहाटे तीन-चारला पिशवी बांधली की संध्याकाळपर्यंत, कधी रात्रीपर्यंत, आतली कुठलीच वस्तू आपल्याला मिळत नाही.

पहिलं वर्ष: दिवे घाट

११ किलो ४०० मध्ये काय होतं? चार साड्या, परकर-पोलक्यांसकट, ३ किलो २००. कडक भाकरी नि एक किलो शेंगाची चटणी मिळून २ किलो २००. चादर १ किलो ३००. सतरंजी १ किलो १००. दोन मोठे टर्किश टॉवेल ९००. स्टीलचं ताट, वाटी, तांब्या ९००. स्वेटर ५००. उरलेलं किरकोळ.

चादर अर्थातच सोलापुरी. मोराच्या नक्षीची, जाड, कडेला दोऱ्यांचे गोंडे. मामांनी मागावरून आणलेली. टॉवेलही इथलेच. आपल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, जगात कुठेही अभिमानाने दाखवावं असं ते कापड आहे, आणि सोलापूरच्या बाईने वारीला दुसरीच कुठली चादर न्यावी हे मावशीला पटणारं नव्हतं. मलाही नव्हतं. पण हे कापड उबेसाठी आणि पाणी शोषण्यासाठी विणलेलं असतं. पावसात पुण्याच्या बाजूला चालताना नेमकं तेच नको असतं.

पुणे ते सासवड हा वारीतला सगळ्यात लांब टप्पा, ३० किलोमीटरच्या वर, आणि त्यातच घाट. त्या दिवशी हडपसर सोडल्यापासून पाऊस लागला. मावशीकडे छत्री होती. घाटात वारा असा की छत्री धरायची की टाळ हेच कळेना. दोन तासांत साडी गुडघ्यापर्यंत भिजून जड झाली, मोजे बुटात पचपच करायला लागले. सासवडला पोचलो तेव्हा ट्रक आलेला नव्हता. तो आला रात्री उशिरा. मावशीची पिशवी तळाशी होती, ताडपत्रीच्या फटीतून पाणी शिरलेलं. चादर, सतरंजी आणि एक टॉवेल ओले. दोन बायकांनी धरून पिळली तरी चादर पांघरण्यासारखी होईना. मावशी ती रात्र ओल्या साडीवर स्वेटर चढवून भिंतीला टेकून बसली. सासवडला दोन मुक्काम असतात, पण त्या ढगाळ हवेत दुसऱ्या रात्रीही चादर वाळली नव्हती आणि तिला कुबट वास यायला लागला होता.

तरी चादरीमुळे ती परतली असं मी म्हणणार नाही. ती परतली टाचेमुळे. निघायच्या आठ दिवस आधी मी तिला नवेकोरे स्पोर्ट्स शूज आणले होते, बायकांच्या विभागातले, तिच्या चपलेच्या नंबरचे. पुढून अरुंद. पाय चालून सुजतात, संध्याकाळपर्यंत पाऊल चांगलंच फुगतं, हे मला ऐकून माहीत होतं, पण खरेदी करताना आठवलं नाही. सकाळी गार पावलावर बूट घालून पाहिले, “बसतंय” म्हणाली, घेतले. पुण्यातच डाव्या टाचेला फोड आला. सासवडला कुणा अनुभवी बाईने प्रेमाने सुईत दोरा ओवून फोडातून काढला आणि दोरा तसाच ठेवला, पाणी निथळत राहावं म्हणून. हा उपाय वारीत पुष्कळ जण करतात. पण चिखलाच्या वाटेवर तो दोरा म्हणजे जंतूंना आत जायला रस्ताच. जेजुरीला टाच लाल आणि गरम झाली होती, फोडात पू दिसत होता. तिथल्या वैद्यकीय शिबिरातल्या डॉक्टरांनी जखम साफ केली, गोळ्या दिल्या आणि चालणं थांबवायला सांगितलं. उघडी जखम घेऊन साचलेल्या पाण्यातून चाललं तर लेप्टोस्पायरोसिससारखा आजारही होऊ शकतो, असं त्यांनी समजावलं. मावशीने गडाकडे तोंड करून हात जोडले. रेल्वेने आम्ही पुण्याला आणि तिथून सोलापूरला आलो. वाटेत ती माझ्यावर एकदाही रागावली नाही. त्यानेच मला जास्त वाईट वाटलं.

घरी केलेली पाहणी

काट्यावर वजन झालं, मग आम्ही बादली घेतली. चादर बुडवली, दोघींनी मिळून कडक पिळली, पुन्हा काट्यावर नेली: २ किलो ७०० ग्रॅम. कोरडी असताना जेवढी, त्याच्या दुपटीहून जास्त. मग पावसाळी दिवस बघून गॅलरीत एकाच वेळी चार कपडे वाळत घातले. सुती पंचा साडेतीन तासांत वाळला. सिंथेटिक साडी त्याच्याही आधी. सुती साडीला संध्याकाळ झाली. टर्किश टॉवेल दुसऱ्या दिवशी सकाळीही काठाशी ओलसर होता. आणि ही सोलापूरची हवा, सासवडची नव्हे.

त्या दिवशी वहीत दोन प्रश्न लिहिले, आणि पुढे प्रत्येक वस्तू त्या दोन प्रश्नांतून गेली. ही भिजली तर किती वेळात वाळेल? आणि पहाटेपासून ट्रक येईपर्यंत ही लागणार आहे का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर ती शबनममध्ये, ‘नाही’ असेल तर ट्रकमध्ये. पहिल्याचं उत्तर ‘एका रात्रीत नाही’ असेल तर ती घरी. पहिल्या वर्षी आमची वाटणी उलटी झाली होती. जपमाळ, पोथी, जास्तीचा टॉवेल, फराळाचा डबा खांद्यावर. कोरडे मोजे, मलम आणि रक्तदाबाची गोळी ट्रकमध्ये.

आधी पाय

नवे बूट संध्याकाळी आणले, मावशीला तासभर चालवून, मोजे घालून. पुरुषांच्या विभागातले, कारण त्यांचा साचा पुढून रुंद असतो, आणि नेहमीपेक्षा एक नंबर मोठे. दुकानदाराला जरा नवल वाटलं, पण बोटं आत हलली आणि हाड कुठे टेकलं नाही. हे बूट ऑगस्टमध्ये आले. मी आता कुणालाही सांगते, बूट घ्यायचे तर वारीच्या किमान दोन महिने आधी.

सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने फेऱ्या सुरू केल्या, दोन किलोमीटरपासून. मग कोजागिरी आली. सोलापूरहून तुळजापूरला पायी जायची आपल्याकडची रीत, अंतर सुमारे ४५ किलोमीटर. रूपाभवानीचं दर्शन घेऊन निघालो. तळे हिप्परगा, उळे, तामलवाडी करत, रात्रभर माणसांच्या लोंढ्यातून. वाटेत ठिकठिकाणी चहा, फराळ, पाणी देणारी मंडळी असतात, त्यामुळे सोबत जवळजवळ काहीच नव्हतं: बॅटरी, पाण्याची बाटली, मोज्यांचा एक जोड, व्हॅसलीन. पुष्कळ भाविक अनवाणी असतात. मावशीनेही आधी तसंच म्हटलं होतं. पण ही बुटांची परीक्षा आहे, आणि ती आईच्या वाटेवर दिलेली बरी, असं आम्ही ठरवलं. तुळजापूरच्या घाटात तिचे गुडघे बोलायला लागले, पण टाच शाबूत राहिली. मांड्यांच्या आतल्या बाजूला मात्र सोललं. हे कुणी मोकळेपणाने सांगत नाही म्हणून मी सांगते: साडीत, परकरात, लांब चाललं की मांड्या घासतात, घामाने आग होते आणि दुसऱ्या दिवशी पाय फाकवून चालावं लागतं. पुढच्या वारीला परकराच्या आत गुडघ्यापर्यंतची घट्ट, शिवण बाहेरून असलेली चड्डी आणि निघण्याआधी व्हॅसलीन, एवढ्याने तो त्रास पूर्ण थांबला. कमरेला नाडीचा काच पडतो तिथेही थोडं व्हॅसलीन लावायचं.

मोज्यांचंही तसंच. सुती जाड मोजे ओले होतात ते ओलेच राहतात. ओल्या कातडीवर घर्षण झालं की फोड येतो. पातळ, नायलॉन मिसळलेले चार जोड घेतले. दोन ट्रकमध्ये, एक पायात, एक शबनममध्ये. दुपारच्या विसाव्याला बूट काढायचे, पाय पुसून हवेशीर ठेवायचे, मोजे बदलायचे. ओले मोजे शबनमच्या पट्ट्याला सेफ्टी पिनांनी अडकवले की चालता चालता वाळतात. नखं निघायच्या चार दिवस आधी सरळ कापलेली. कुठे चुरचुरायला लागलं की त्याच क्षणी थांबून तिथे चिकटपट्टी, फोड येण्याची वाट बघायची नाही. आणि फोड आलाच तर वरची कातडी काढायची नाही, दोरा ओवायचा नाही. फारच ताणला गेला असेल तर शिबिरात जाऊन स्वच्छ सुईने कडेला टोचून घ्यायचा आणि मलमपट्टी करायची. साखर असलेल्यांनी तर स्वतः हातच लावू नये.

चादरीचा तोडगा

इथे अडलं होतं. मी मावशीला पातळ फ्लीसचं पांघरूण दाखवलं, हलकं, लगेच वाळणारं. तिने हात फिरवून परत दिलं. “ह्यात झोप येईल व्हय? घरचं काय तरी अंगावर पायजे.” मी वाद घातला नाही. अनोळखी गावात, तंबूत, वीस बायकांच्या मधे झोपताना ओळखीचा स्पर्श लागतो, आणि झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी वीस किलोमीटर चालणं होत नाही. तेव्हा झोपेची सोय हीसुद्धा सामानाचाच भाग धरली.

आठवड्याने तिने स्वतःच चादर काढली, जमिनीवर पसरली आणि म्हणाली, “मधनं काप.” माझा हात धजेना. शेवटी गल्लीतल्या शिंप्याकडे नेली. त्याने उभी मधोमध कापून दोन्ही कडा दुमडून शिवल्या. अर्धी भरली ६५० ग्रॅम. एका बाईच्या अंगाला पुरेशी, वाळायला निम्मी सोपी. कापताना निघालेली लाल पट्टी शिंप्याने पिशवीच्या मुठीला शिवून दिली. तिचा उपयोग आम्हाला वाटला त्याहून मोठा झाला. ट्रकच्या ढिगात शंभर काळ्या पिशव्या सारख्याच दिसतात. मावशीची लाल पट्टी लांबून ओळखू यायची. पट्टीखाली कापडावर नाव, गाव, दिंडी क्रमांक आणि माझा फोन पक्क्या शाईने लिहिला.

सतरंजीऐवजी जाड मेणकापड, खाली अंथरायला आणि पाऊस आला तर पिशवीवर टाकायला. पिशवीच्या आत सगळ्या वस्तू वेगवेगळ्या जाड प्लास्टिक पिशव्यांत, तोंडं रबराने बांधून. ट्रक गळला तरी आतलं कोरडं. टॉवेल घरी, दोन पंचे बरोबर. अंगावरच्या एका साडीशिवाय दोनच साड्या, दोन्ही सिंथेटिक. यावर दिंडीतल्या बायकांचं मत वेगळं असतं, त्यात उकडतं असं त्या म्हणतात, आणि फलटणच्या पुढे ते खरंही आहे. पण कोरडी सिंथेटिक साडी ओल्या सुती साडीपेक्षा केव्हाही बरी. छत्रीऐवजी प्लास्टिकचा कागद, डोक्यावरून घेऊन गळ्याशी बांधायचा, वारीत सगळेच घेतात तसा. घाटात दोन्ही हात मोकळे राहतात.

कडक भाकरीबद्दल मात्र उलट: ती न्यायचीच, यात मी तडजोड केली नाही. दिंडीत जेवण मिळतं, तरी सकाळच्या चालीत अकरा वाजेपर्यंत पोटात काहीतरी लागतं, आणि कडक भाकरी नि शेंगाची चटणी यांच्याइतकं टिकाऊ, हलकं, पोट धरून ठेवणारं दुसरं मला माहीत नाही. फक्त दमट हवेत भाकरी मऊ पडते आणि मग बुरशी धरते. म्हणून चाळीसऐवजी पंधराच घेतल्या, पाच-पाचच्या हवाबंद पिशव्यांत, आणि चटणी पाव किलो. सगळं मिळून एक किलोच्या आत. पुढचं सामान माळशिरसला घरच्यांनी आणून दिलं. सोलापूरकरांना ही एक सोय आहे: शेवटचा आठवडा आपल्याच जिल्ह्यात असतो.

मोठी पिशवी भरली ५ किलो ७००. शबनम पाण्याच्या बाटलीसकट १ किलो ९००. तिच्यात मोज्यांचा जोड, पंचा, प्लास्टिकचा कागद, व्हॅसलीन, चिकटपट्टी, ओआरएसची तीन पाकिटं, दोन भाकरी, छोटा हरिपाठ. रक्तदाबाच्या गोळ्या दोन ठिकाणी, दहा दिवसांच्या शबनममध्ये, दहा दिवसांच्या ट्रकमध्ये, म्हणजे एक पिशवी चुकली तरी गोळी चुकणार नाही. सुटे पैसे कमरेच्या चंचीत. फोन बटणांचा, एकदा चार्ज केला की चार-पाच दिवस जातो. तंबूतल्या चार्जिंगच्या गर्दीत तिला उभं राहावं लागलं नाही.

दुसरं वर्ष: जे जमलं आणि जे चुकलं

दिवे घाटात पुन्हा पाऊस होता. ट्रक पुन्हा उशिरा आला. पण मावशीने सासवडला पोचताच मोजे बदलले, पंचाने पाय पुसले, आणि तासाभरात अंगावरच साडी वाळली. रात्री ढिगातून लाल पट्टी ओढली, आतली चादर कोरडी निघाली. ती पांघरून ती लगेच झोपली. मी जागी होते बराच वेळ.

चूक झाली ती दुसऱ्याच टोकाला. आम्ही सगळी तयारी पावसाची केली होती. नीरा ओलांडली, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण झालं, आणि फलटणनंतर आभाळ मोकळं झालं. आपला जिल्हा पर्जन्यछायेत आहे. इथे आषाढात ढग येतात आणि पुष्कळदा नुसतेच जातात. नातेपुते ते माळशिरस ऊन एवढं कडक की प्लास्टिकचा कागद निरुपयोगी आणि छत्री घरी. मावशीने पदर ओला करून डोक्यावर घेतला. त्यात तिने पाणीही कमी पिलं होतं, कारण बायकांना वाटेत आडोसा शोधावा लागतो. फिरती शौचालयं असतात, पण नेमकी हवी तेव्हा जवळ असतीलच असं नाही. सदाशिवनगरच्या गोल रिंगणाच्या वेळी तिला चक्कर आली. सावलीत बसवून एका लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट कालवलं, घोटघोट पाजलं, अर्ध्या तासाने ती उठली. माळशिरसला घरच्यांनी आणलेल्या पिशवीत छत्री मागवली. ती छत्री उन्हाला कामी आली आणि आडोशालाही: दोघींनी छत्री नि पदर धरला की तिसरीची सोय होते. मग पाणी पिणंही वाढलं. छत्री फलटणपासून पुढे लागतेच, हे त्या दिवशी वहीत लिहिलं.

आणखी एक: दुसरी पादत्राणं. मागे पट्टा असलेली हलकी सँडल ट्रकमध्ये होती, मुक्कामावर वापरायला. वेळापूरच्या पुढे मावशीने ती दिवसाही घातली, बुटात पाय शिजतात म्हणून. त्या उन्हात तेच योग्य होतं. मागे पट्टा नसता तर मी नको म्हटलं असतं.

वाखरीला पोचलो तेव्हा तिच्या पायावर एकही फोड नव्हता, उजव्या अंगठ्याचं नख तेवढं काळं पडलं होतं. चंद्रभागेच्या वाळवंटात तिने बूट काढून हातात घेतले.

चादरीचा दुसरा अर्धा भाग कपाटात होता. शेजारच्या काकूंनी तो या वर्षासाठी मागून नेला आहे. त्यांची पहिलीच वारी. पिशवीचं वजन येत्या रविवारी करायचं ठरलंय, त्याच काट्यावर.